लंकाबाईच्या दारापुढची चारी

"रस्ता सरकारचा, दार माझं."

लंकाबाईचं हे बोलणं आमच्या जांभूळमळ्यात ऐकलं नाही असा माणूस नसेल. दारापुढं कुणी जीप आडवी लावली की तो हे ऐकायचा. ओट्याला टेकून तंबाखू मळणारा ऐकायचा. मतं मागायला आलेले उमेदवारही ऐकून गेले. आवाज मोठा नव्हता, पण सुपातून बाजरी पाखडावी तसा शब्द न् शब्द वेगळा पडायचा. बोलून झालं की ती आत जायची आणि समोरचा माणूस आपली गाडी मुकाट्यानं पुढं घ्यायचा.

राजुरीहून मळ्याकडं येणारा रस्ता तिच्या अंगणाला लागूनच जातो. घराच्या पाठीमागं कालवा. म्हणजे यायचं-जायचं ते पुढूनच. पूर्वी रस्ता आणि अंगण एका पातळीत होते. दुधाची गाडी वळून थेट गोठ्याशी यायची. आणि कुणाच्या घरी लग्न असलं की मांडवडहाळ्याची बैलगाडी याच अंगणातून जुंपून निघायची.

डहाळ्याचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या डहाळ्या बैलगाडीत भरून वाजतगाजत दारात आणतात. घरची बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, त्यांना ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. मगच बैल सुटतात आणि मांडवावर पाला चढतो. डहाळ्याची गाडी रस्त्यावर सोडायची नसते. दारात आली तरच ती आली. लंकाबाईचे मालक सयाजी यांनी पांढरी खिल्लारी जोडी फक्त याच कामासाठी पाळली. शेतात ट्रॅक्टर आला, तरी जोडी विकली नाही. सयाजी गेले, तरी लंकाबाईनं विकली नाही. पन्नास घरांच्या दारात तिचे बैल जाऊन आले होते. आपल्या दारात ते नातीच्या, अक्षदाच्या, लग्नाला येतील या एका गोष्टीवर ती वाट बघत होती.

आणि मग रस्ता रुंद झाला.

रुंद झाला म्हणजे उंचही झाला. खडी पडली, मुरूम पडला, पुन्हा खडी पडली, वर डांबर. रस्ता चढत गेला आणि अंगण होतं तिथंच राहिलं. शेवटी जेसीबी आला आणि रस्त्याच्या कडेनं पाण्यासाठी चारी खोदत निघाला. लंकाबाई शेण काढत होती. हात धुऊन बाहेर येईपर्यंत दारापुढं कमरेइतका खड्डा, पलीकडं भराव आणि भरावाच्या वर रस्ता. जणू कुणी घर उचलून विहिरीत ठेवलं.

त्या दिवसापासून दुधाची गाडी वरच उभी राहू लागली. लंकाबाई कॅन डोक्यावर घेऊन चारीत उतरायची आणि पलीकडं शेळीसारखी चढायची. गॅसची टाकी दोरीनं खाली सोडावी लागे. मुलगा ऋषी, अक्षदाचा बाप, चाकणला कंपनीत. तो शनिवारी यायचा आणि मोटरसायकल रस्त्यावर लावून रात्रभर खिडकीतून तिच्याकडं बघत बसायचा. बैल आणि गाडी तर गेणभाऊच्या खळ्यावर हलवावे लागले. गेणभाऊ म्हणजे तिच्या जोडीचा कासरा धरणारा म्हातारा.

बाकीच्यांनी काय केलं? रविवारी सरकारी माणूस फिरकत नाही हे बघून चारीत सिमेंटचे पाइप टाकले, वर माती लोटली, मोकळे झाले. ऋषीही म्हणाला, "आई, आपुन बी टाकून घेऊ. कोन इचारतंय?"

"आन उद्या जेसीबी येऊन उपटून टाकंल, मंग? वरच्या आळीचे न्हाई का उपटले? माझं दार हाये ते. चोरून कशाला करू? इचारून करीन, कागद घेऊन करीन."

इथून तिच्या वनवासाला सुरुवात झाली.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "मावशी, रस्ता आमचा नाही. बांधकाम खात्याचा आहे. तालुक्याला जा."

तालुक्याच्या ऑफिसात राजरत्न नावाचा तरुण कारकून होता. सरळ पोरगा. त्यानं अर्ज नीट वाचला आणि वर एक शब्द लिहिला : पोहोचमार्ग.

"ह्ये काय?"

"आजी, तुमचा उतार. त्याला आमच्याकडे पोहोचमार्ग म्हणतात."

"अरे, माझ्या दाराला तुमी मार्ग म्हना न्हाईतर महामार्ग म्हना. पाइप कधी टाकू?"

"त्याआधी ग्रामपंचायतीचा दाखला लागेल."

"त्यांनीच तर मला हिकडं धाडलं!"

"हो, पण दाखला त्यांचाच लागतो."

ती परत ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकाची त्या दिवशी दुसऱ्या गावात सभा होती. पुढच्या खेपेला तो होता, पण शिक्का शिपायाच्या कपाटात आणि शिपाई सासुरवाडीला, पेठ गावी. दाखला मिळाला तेव्हा त्यावर सयाजींचं नाव निघालं, कारण घर अजून त्यांच्याच नावावर. मग वारसनोंद. मग घराचा उतारा. मग नकाशा. नकाशा काढणाऱ्यानं विचारलं, "उत्तर कुठल्या बाजूला आहे?" लंकाबाई म्हणाली, "उत्तर मला मिळालं असतं तर तुज्याकडं कशाला आले असते?"

बसमधून उतरून ती मळ्याकडं येताना दिसली की लोक हटकून विचारायचे. "काय मंग लंकाबाई, झालं का दार?"

"व्हतंय की. तुज्या पोराचं लगीन व्हायच्या आदी व्हईल." ज्याला हे ऐकवलं त्याचं पोरगं अजून पाळण्यात होतं.

शेवटी राजरत्नचा फोन आला. साहेब जागा बघायला येणार. लंकाबाईला अख्खी रात्र झोप नाही.

आता यात एक गोष्ट अशी घडली की ती आमच्याकडंच घडावी. साहेब जागा बघायला येणार म्हणजे लंकाबाईच्या लेखी साहेब घरी येणार. आणि घरी येणारा पाहुणा रस्त्यावर गाडी लावून, पॅन्ट सावरत चारीत उतरणार? तिच्या दारात? तिनं सकाळीच ट्रॉलीभर मुरूम मागवला, चारी काठोकाठ भरून घेतली, पाणी मारून चोपून घेतली, शेणाचा सडा घातला आणि वर रांगोळी काढली. साहेबांची जीप रस्त्यावरून वळली आणि लोण्यावरून सुरी फिरावी तशी थेट ओट्याशी येऊन थांबली.

साहेब तरुण होता, वागायला नम्र. त्यानं पोहे खाल्ले, चहा घेतला, गोठा बघितला, गाईची चौकशी केली. मग टेप काढून म्हणाला, "चला आजी, आता चारी दाखवा."

"ही काय. तुमी आत्ता तिच्यावरनंच आला न्हवं!"

साहेब खाली बघत राहिला. त्याच्याबरोबर आलेल्या राजरत्ननं मान फिरवली.

"आजी, ही तुम्ही बुजवली?"

"तुमच्यासाठीच, साहेब. तुमची गाडी का रस्त्यावर ठिवायची?"

"अहो, पण परवानगीच्या आधी चारी बुजवणं म्हणजे... मला जे दिसलं ते लिहावं लागतं."

"मंग लिवा की. पावण्यासाठी वाट केली म्हनून लिवा."

त्यानं लिहिलं, पण तसं नाही. विनापरवाना भराव टाकून शासकीय गटार बंद केल्याची नोटीस आठवड्याच्या आत घरी आली. लंकाबाईनं ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली, आणि मग मळ्याला एक नवं वाक्य मिळालं. कुणी साखर मागायला आलं तरी ती सांगायची, "च्या पिऊन गेला आन नोटीस धाडली. पोहे बी दोनदा घेतले व्हते!"

मुरूम परत उकरून काढावा लागला. चारी मोकळी झाल्याचा फोटो पाहिजे होता, आणि फोटोत अर्जदारही पाहिजे. म्हणून लंकाबाई चारीत उतरून उभी राहिली. तो फोटो राजरत्नच्या फाइलीत आहे. कमरेपर्यंत माती, डोक्यावर पदर, आणि डोळे असे की फोटो काढणाऱ्याचा हात हललेला दिसतो.

यानंतर ऑफिसातून जे मागितलं, त्यानं मात्र ती खरोखर अडली.

चारी सुरू होते तीच तिच्या दिराच्या, चिमाजीच्या, फाटकाच्या खालून. चिमाजीचं घर चढावर. तिथं रस्ता उंच झाला तरी त्याच्या अंगणाला लागूनच राहिला. उद्या लंकाबाईचा पाइप तुंबला तर पाणी मागं फुगून चिमाजीच्या फाटकाशी साचणार. तेव्हा लगतच्या मिळकतदाराची लेखी संमती पाहिजे.

"म्हंजी कुनाची?" लंकाबाईनं विचारलं.

राजरत्ननं नाव वाचलं. लंकाबाई खुर्चीवरून उठली.

चिमाजी आणि ती बोलत नव्हते. बांध कोरला नव्हता की पाण्याची पाळी चुकवली नव्हती. चिमाजीचा मुलगा सूरज, त्याच्या लग्नात डहाळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं होतं. ट्रॅक्टर नवा, पोराची हौस, ट्रॉलीवर हे मोठाले स्पीकर. आणि इकडं सयाजींनी पहाटेच बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून अंगणात उभे केले होते. सख्ख्या भावाच्या घरचं डहाळं, बोलवायला काय यायचं? अशी त्यांची समजूत. दुपारी ट्रॉली दारावरून गाणी वाजवत निघून गेली. सयाजींनी झुली उतरवल्या, शिंगांचे गोंडे सोडले, बैलांना वैरण टाकली. मांडवात ते गेले, जेवलेही. लंकाबाई गेली नाही. पुढं सयाजी वारले तेव्हा चिमाजीनं खांदा दिला, रडला. तरी ही त्याच्याशी बोलली नाही. मध्ये एक तारेचं कुंपण, आणि कुंपणाला फाटकाएवढी जागा बांबूंनी बंद केलेली. पूर्वी तिथून दोन्ही घरं एक होती.

"त्याची सही सोडून दुसरं काय बी सांग," ती राजरत्नला म्हणाली.

"आजी, नियम आहे."

"पानी मागं फुगंल का न्हाई ते पान्याला इचारा. मानसाला कशाला इचारता?"

"पाण्याची सही चालत नाही, आजी."

ती हसली नाही. त्या दिवसापासून तिनं जे केलं त्यानं आम्हालाच वीट आला. ती सरपंचाकडं गेली, पंचायत समितीच्या सदस्याकडं गेली, मोठ्या साहेबाला भेटायला उन्हात व्हरांड्यात बसून राहिली. प्रत्येकानं फाइल उघडली, प्रत्येकानं त्याच ओळीवर बोट ठेवलं. कुंपणापलीकडं चिमाजी खाट टाकून बसलेला असायचा. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. ती मात्र त्याच्या डोळ्यांदेखत चारी उतरून, चारी चढून, बस धरून तालुक्याला जायची. चिमाजीही बघायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. मळ्यात काय लपतं? पण तोही त्याच घरचा. विचारल्याशिवाय तो द्यायचा नाही आणि ही विचारायची नाही.

जाऊ इंद्रायणी एकदा कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाई, द्या तो कागद. मी घिऊन देते सही."

"तुजी सही लागत असती तर दिला असता गं."

अक्षदाचं लग्न ठरलं. तारीख धरली, पत्रिका छापल्या. कागद काही आला नाही. अक्षदानं आजीला समजावलं, "आजी, आपण कार्यालयातच सगळं करू की. मांडव पण तिथंच."

"आन डहाळं?"

"आणू ना, हातात धरून. रस्त्यावरून चालत येऊ, चारीतून उतरू. काय होतंय?"

"पाला तर शेळ्यांना बी हातात धरून आनतात."

"मग सही घे ना चुलत आजोबांची! एवढं काय त्यात?"

लंकाबाईनं नातीकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली.

डहाळ्याचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर गेणभाऊनं खळ्यावर गाडी जुंपली. बैल आता म्हातारे झाले होते, तरी झुली चढल्या, शिंगांना गोंडे बांधले, गळ्यात घुंगरमाळा आल्या, तेव्हा त्यांनी माना अशा उचलल्या की त्यांना सगळं आठवत असावं. हलगी कडाडली. पुढं बाया, मागं पोरं, गाडीत हिरवागार पाला. मिरवणूक रस्त्यानं आली आणि लंकाबाईच्या दारापाशी थांबली.

थांबली म्हणजे पुढं जायला जागाच नव्हती. इकडं रस्ता, मध्ये चारी, खाली अंगणात उभा मांडव आणि मांडवाच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या, ओवाळायचं ताट घेऊन लंकाबाई.

चार जणांनी मिळून सागाच्या फळ्या आणल्या, चारीवर आडव्या टाकल्या. गेणभाऊनं बैल वळवले. डाव्या बैलानं फळीवर पाय ठेवला, फळी करकरली, त्यानं पाय मागं घेतला. पुन्हा हाकला, पुन्हा मागं. कुणीतरी शेपूट पिरगाळायला हात घातला.

"हात काढ!" लंकाबाई खालून ओरडली. "पाय मोडंल त्याचा. खबरदार, बैलाला हात लावलास तर!"

"मंग काय करायचं?" गेणभाऊ म्हणाला. "वैनी, हितंच सोडू का बैल? वरच ववाळा. कोन बघतंय?"

"म्या बघतिया."

मागं एसटी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एसटीमागं टोमॅटोची पिकअप, पिकअपमागं दुधाचा टेम्पो. हलगीवाला थांबला. ऋषी हातात फोन घेऊन आला. राजरत्नला लावला होता. तो बिचारा सुट्टीच्या दिवशीही बोलला : फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, सगळं पूर्ण आहे, फक्त ती एक सही.

"ऐकलं का आई? फक्त ती..."

"ऐकलं."

तिनं ताट अक्षदाच्या हातात दिलं. तांब्या स्वतःजवळ ठेवला. चारीत उतरली, पलीकडं चढली, बैलांच्या समोरून गेली. रस्त्यानं चढावर चालत थेट चिमाजीच्या फाटकाशी. इतक्या वर्षांत त्या फाटकाकडं तिनं मान वळवली नव्हती.

चिमाजी फाटकाच्या आत उभाच होता. किती वेळचा, कुणास ठाऊक.

"भावजी," लंकाबाई म्हणाली. आम्ही मागोमाग पोहोचलो होतो. "गाडी अडकलिया. तुमच्यातनं न्यायचीय."

चिमाजीनं मिशीवरून हात फिरवला. इतकी वर्षं साठवलेलं त्याच्याही तोंडाशी आलं होतं. "बैलगाडी हाये न्हवं? न्हाई, म्हनलं ट्रॉली लागंल आमची, तर सूरजला सांगतो."

आम्हाला वाटलं, झालं, आता ही फिरते माघारी. तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. पण पाय हलले नाहीत.

"बोलून घ्या," ती म्हणाली. "आजच्या दिस बोलून घ्या. पन बैल उन्हात उभं हायेत."

चिमाजीचं तोंड एकदम उतरलं. त्यानं फाटक सताड उघडलं आणि स्वतः कुंपणाकडं पळाला. बांबू वर्षानुवर्षं तारेनं आवळलेले. पक्कड शोधायलाही तो थांबला नाही. सूरज धावला, इंद्रायणी कोयता घेऊन आली. तिघांनी मिळून बांबू उपटून बाजूला फेकले. मधली वाट उघडी पडली. तिच्यावर गवत माजलं होतं, पण गाडी जाईल एवढी ती अजून होती.

बैल वळले. गाडी चिमाजीच्या अंगणात शिरली. घामाघूम चिमाजी लंकाबाईच्या जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, त्या कागदावर बी सही लागती म्हनं माझी. आना, आत्ताच करून टाकतो."

"ती मागायला उद्या येईन," लंकाबाई म्हणाली. "एका दिवशी एकच मागनं."

आणि तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. ती बैलांच्या पुढं झाली, तांब्यातलं पाणी वाटेवर थोडं थोडं शिंपडत, दिराच्या अंगणातून आपल्या अंगणाकडं, घाई न करता चालत गेली. मागून बैलांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. उपटलेला बांबू हातात तसाच धरून चिमाजी बघत होता. इंद्रायणी ओट्यावरून बघत होती. आणि रस्त्यावर, गाडी वळल्यानं वाट मोकळी झाली होती, तरी एसटी हलली नव्हती. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून, आणि खिडक्यांतून सगळी बस माना बाहेर काढून बघत होती.